टायमिंग बेल्ट बदलल्यावर पिकअप का जातो?

टायमिंग बेल्ट बदलून गाडी घरी येते आणि चढावर ओढतच नाही. डिझेल गाडीवाल्यांची ही तक्रार जुनी आहे, आणि गॅरेजमधली उत्तरंही ठरलेली आहेत: बेल्ट डुप्लिकेट निघाला, पंप गेला, नोझल उतरवावे लागतील, टर्बो बसला. पण काल चांगला चालणारा पंप नेमका बेल्ट बदलण्याच्या दिवशीच मरावा, असं फार क्वचित घडतं. कामात ज्याला हात लागला, तिथेच आधी शोधायला हवं. फोक्सवॅगन गोल्फ आणि पहिल्या स्कोडा ऑक्टाव्हियामधलं १.९ लिटर, ९० अश्वशक्तीचं, रोटरी पंपाचं टीडीआय इंजिन उदाहरणाला घेतलं की गोष्ट स्पष्ट होते.

सर्वांत पक्का रुजलेला समज म्हणजे ‘खुणा जुळल्या की टायमिंग बसलं’. खरं तर या इंजिनात टायमिंगची दोन वेगळी कामं आहेत. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हा क्रँक आणि कॅमचा मेळ. डिझेल नेमकं कधी फवारायचं, हे पंपाचं काम. दोन्ही एकाच बेल्टवर चालतात, पण पहिलं दातांच्या हिशोबाने बसतं आणि दुसरं एका दाताच्याही आत, अंशांमध्ये लावावं लागतं.

पुष्कळ ठिकाणी जुना बेल्ट काढण्याआधी त्याच्यावर आणि चाकांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देतात. तेच ठिपके नव्या बेल्टवर उतरवतात आणि तो चढवतात. गाडी चालू होते, म्हणून पद्धत बरोबर वाटते. पण नव्या बेल्टचा ताण जुन्यासारखा नसतो. ठिपके तंतोतंत जुळूनही पंप अंश-दोन अंशांनी मागे राहू शकतो. मग सकाळी गाडी उशिरा पेटते, पांढरा धूर टाकते, आवाज मऊ येतो आणि वरच्या आरपीएमला दम उरत नाही.

या इंजिनात कॅमच्या चाकाला ‘की’, म्हणजे जागा पक्की करणारी खुंटी, नसते. ते निमुळत्या टोकावर केवळ बोल्टच्या आवळणीने धरलेलं असतं. म्हणून पहिला पिस्टन टॉपला आणून क्लचच्या बाजूच्या खिडकीतून फ्लायव्हीलची खूण पाहायची. कॅमच्या मागच्या खाचेत सपाट पट्टी घालून कॅम लॉक करायचा, पंपात पिन घालायची. कॅमचा बोल्ट सैल करून चाक मागून हलक्या ठोक्याने मोकळं करायचं आणि पंपाच्या चाकाचे तीन बोल्टही ढिले करायचे. त्यानंतर बेल्ट चढवायचा, ताण द्यायचा, मग सगळं आवळायचं. कॅम आणि पंप जागेवर स्थिर राहतात आणि त्यांची चाकं बेल्टच्या ताणाप्रमाणे फिरून बसतात. चाक मोकळं न करता बेल्ट ओढून बसवला, तर ही सोयच वाया जाते.

पंपाच्या चाकाचे ते तीन बोल्ट नवे घालावे लागतात. आणि मधला मोठा नट कधीही सोडायचा नाही. तो सुटला की हबची कारखान्यात लावलेली जागा हलते, आणि मग पिन लावूनही टायमिंग खरं येत नाही.

‘दात चुकला असता तर गाडी चालूच झाली नसती’ हेही सर्रास ऐकू येतं. क्रँकच्या चाकाला २० दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्या चुकीवरही काही इंजिनं पेटतात, फक्त कॉम्प्रेशन आणि ताकद घटते. काहींमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनला भिडून वाकतात. म्हणून बेल्ट बसल्यावर आधी पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा तपासायच्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, त्यामुळे एका फेऱ्यात ही तपासणी पुरी होत नाही. कुठे अडलं, तर जोर न लावता थांबायचं. सेल मारायचा तो यानंतर.

‘बाकीचं कॉम्प्युटर सावरून घेतो’ हे अर्धंच खरं आहे. तिसऱ्या नोझलमधल्या सेन्सरकडून फवारणीची वेळ ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळते आणि तो पंपातल्या व्हॉल्व्हने ती मागेपुढे करतो. पण त्याच्या हातात ठरावीक मर्यादाच आहे. इंजिन गरम झाल्यावर स्कॅनर लावून मूळ टायमिंगचा आकडा वाचणं हाच उपाय आहे. बोल्ट ढिले करून कानाने पंप फिरवणं मला मान्य नाही. टायमिंग फार पुढे गेलं की पिकअप आल्यासारखा वाटतो, पण ठोके वाढतात आणि हेड गॅस्केट व पिस्टनवर नको तेवढा दाब येतो.

काळा धूर दिसला की पंप उघडायला निघणं तर सर्वांत महागात पडतं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. बेल्टच्या कामात वाट मोकळी करायला इंटरकूलरचा पाइप काढावा लागतो. त्याची क्लिप नीट बसली नाही, तर टर्बोची हवा बाहेर जाते. व्हॅक्यूमची बारीक नळी किंवा एअरफ्लो सेन्सरचं सॉकेट निसटलं तरी ताकद जाते. डिझेलच्या पारदर्शक नळीत बुडबुडे धावताना दिसले, तर कुठून तरी हवा शिरते आहे. यातलं काहीही शोधायला पंप उघडावा लागत नाही.

कॉमन रेलच्या गाड्यांना मात्र हा पंपाचा नियम तसाच लावू नये. तिथे पंप फक्त दाब तयार करतो. फवारणीची वेळ ईसीयू क्रँक आणि कॅमच्या सेन्सरवरून ठरवतो. तिथे बेल्टनंतर पी००१६ कोड आला, तर क्रँक-कॅमचा मेळ आधी तपासावा.

गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा: कॅम आणि पंप लॉक करून काम केलं का, आणि गरम इंजिनवर टायमिंगचा आकडा किती आला. रोटरी पंपाच्या गाडीत तो आकडा स्कॅनरवर समोर दिसेपर्यंत आणि हवेचे पाइप तपासून होईपर्यंत पंप-नोझल उतरवायला परवानगी देऊ नका.