अंदमानला निघालात? आधी छाती दाखवा

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर दवाखान्यातल्या सर्दी-खोकल्याच्या रांगेत आमच्या ओळखीचे एक सर बसले होते. शेजारी त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. दोघांनाही काही झालेले नव्हते. नंबर आल्यावर सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "डॉक्टरसाहेब, एवढी सही हवी होती." अंदमानच्या स्वराजद्वीपावर (२०१८ पूर्वीचे हॅवलॉक) स्कूबा डायव्हिंगला जाण्यासाठी भरायचा तो आरोग्याचा फॉर्म होता.

कबूल करतो, अशा सह्या मीही पूर्वी न बघता केल्या आहेत. एका मुलाला गडावरच्या शिबिरासाठी मी बाह्या वर न करता 'तंदुरुस्त' लिहून दिले आणि तो निम्म्या वाटेतून धापा टाकत परत आला. त्या दिवसापासून कागद आधी वाचतो. या फॉर्मवर दम्याच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेले होते. आणि याच मुलीला लहानपणी मी स्वतः रात्री दोनला वाफ दिलेली!

सर हळूच म्हणाले, "आता कुठे काय होतंय तिला? पंप फक्त थंडीत लागतो. पैसे भरलेत हो सगळे."

मी मुलीला आमच्या इमारतीचे तीन मजले दोनदा चढून-उतरून यायला सांगितले. ती आली, हसत होती. छातीला नळी लावली, तर आत बारीक शीळ वाजत होती.

आता यात एवढे घाबरण्यासारखे काय? वाचकहो, समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट. तिथे छातीत भरलेली हवा तुम्ही वर येऊ लागलात की फुगते, पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते. म्हणूनच पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला धडा असतो. पण दम्याने श्वासनलिका आवळल्या, तर तुम्ही श्वास न रोखताही हवा आत अडकते, फुप्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. दम्याचा प्रत्येक रुग्ण बाद होतो असे नाही. छातीच्या तज्ज्ञाने फुंकून घेण्याची तपासणी करून परवानगी दिल्याची उदाहरणे आहेत. पण धावल्याने किंवा थंडीने ज्याची छाती वाजते, त्याने टाकी पाठीवर घेऊ नये. फिट येणारे, पूर्वी छातीत हवा भरून फुप्फुस मिटलेले आणि गरोदर स्त्रिया यांनीही नाही. आणि साधी सर्दी असेल तर त्या दिवसापुरते काठावर बसा. कान आणि घसा जोडणारी नळी बुजलेली असली की कानाचा पडदा फाटायला फार खोली लागत नाही.

मी सही केली नाही. मुलीचे डोळे भरले. सर माझ्याकडे न बघता फॉर्मची घडी घालू लागले. तेव्हा मी त्यांचा सहलीचा कागद मागून घेतला. त्यातही घोळ होताच. सरांच्या दोन डुबक्या दुपारी तीनला संपणार, लगेच शेवटची बोट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विमान. मधे सोळाच तास. खोल पाण्यात टाकीतल्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात दाब कमी असतो. सोड्याची बाटली उघडल्यावर जे होते, तेच सांध्यांत आणि मज्जारज्जूत होऊ शकते. एका डुबकीनंतर किमान बारा, जास्त डुबक्यांनंतर किमान अठरा तास जमिनीवर राहावे, असा नियम आहे. (तारकर्लीला डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.) मी सांगितले, डुबक्या आधी घ्या आणि श्री विजय पुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, शेवटचा एक दिवस मोकळा ठेवा. सेल्युलर जेल तेव्हा बघा. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळे होतात, बोटी रद्द होतात. तो दिवस तिथेही कामी येईल. बेटावर मोठे रुग्णालय नाही, म्हणून नेहमीची औषधे दुप्पट आणि दोन पिशव्यांत विभागून न्या.

मग मुलीकडे वळलो. कासवे आणि मासे पाहायला पाण्याखालीच जावे लागते असे थोडेच आहे? काचेच्या तळाची होडी आहे, खारफुटीतून वल्हवत जाणे आहे, अंदमानात काही किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात. छाती शांत असेल तर पंप सोबत ठेवून, जॅकेट घालून, उथळ पाण्यात वर तरंगत मासे बघायलाही हरकत नाही. मात्र खाडीच्या तोंडाशी, आणि संध्याकाळी, पाण्यात पाय घालू नये. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खरोखरीच आहे. २०१० मध्ये याच बेटावर पोहणाऱ्या एका पर्यटक तरुणीचा तिने जीव घेतला. धोक्याची पाटी दिसली की मागे फिरायचे. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याने कापलेली जखम आठवडेच्या आठवडे चिघळते. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या तर खाजवू नका. आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरला आधी अंदमानचे सांगा, मग तापाचे.

मुलगी आता डोळे पुसून ऐकत होती. एकदम म्हणाली, "डॉक्टरकाका, पण बाबांचं काय? ते तर बीपीच्या गोळ्या घेतात. आणि पंचेचाळीस वर्षांवरचा प्रश्न त्यांनी कोराच ठेवलाय."

सर खिडकीबाहेर बघू लागले. मी रक्तदाबाचा पट्टा उचलला.