निवडुंग, कॅक्टस आणि ऊतिसंवर्धन

नांदेड जिल्ह्यातील बिलोली हा तालुका तेलंगणाच्या सीमेस लागून असल्यामुळे त्या भागात मराठी व तेलुगू ह्या दोन्ही भाषा कानी पडतात. मांसल खोडाच्या काटेरी वनस्पतींना ह्या दोन भाषांनी दिलेली नावे पाहिली, तर त्यांमागील विचार एकच असल्याचे दिसून येते. मराठीत कुंपणाच्या त्रिधारी, दुधाळ झाडास ‘निवडुंग’ म्हणतात आणि चपट्या फडांच्या झाडास ‘फड्या निवडुंग’. तेलुगूत पहिल्या वर्गातील वनस्पतींना ‘जेमुडु’ व दुसरीस ‘नागजेमुडु’ ही संज्ञा आहे. मूळ नामास एक विशेषण जोडून नव्या वस्तूचे नाव सिद्ध करावयाचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच होय.

परंतु नाम एक असले, तरी कुळे भिन्न आहेत. त्रिधारी निवडुंग हा एरंडाच्या कुळातील असून भारतातील जुना रहिवासी आहे. फड्या निवडुंग हा कॅक्टस कुळातील असून तो अमेरिका खंडातून येथे आला. पाहुण्यास यजमानाचेच नाव मिळाले, एवढाच ह्याचा अर्थ. अशा बाह्य साम्याने जाणकारही फसतात. इ. स. १७९५ मध्ये किरमिजी रंगाच्या उत्पादनासाठी भारतात ब्राझीलमधून जे किडे आणले गेले, ते रंगासाठी हवे असलेल्या जातीचे नव्हतेच. त्या किड्यांपासून हलक्या प्रतीचाच रंग मिळाला. मात्र फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. शोभेच्या कॅक्टसांचे ऊतिसंवर्धन समजून घेतानाही हाच नामभेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो, कारण त्या साऱ्या पद्धतीचा आधार असलेला अवयव कॅक्टसास आहे, त्रिधारी निवडुंगास नाही.

हा अवयव म्हणजे कॅक्टसाच्या खोडावर ठरावीक अंतराने आढळणारा लवयुक्त ठिपका. शास्त्रज्ञ त्यास ‘अ‍ॅरिओल’ म्हणतात. काटे, फुले व नव्या फांद्या येथूनच उगवतात. वस्तुतः तो पानाच्या बेचक्यातील कळा, म्हणजे एक आखूड राहिलेली फांदीच होय, आणि काटे हे त्या फांदीच्या पानांचे रूपांतर होय. त्रिधारी निवडुंगाचे काटे जोडीने येतात व त्यांच्या बुडाशी असा ठिपका नसतो. शिवाय खोड खरचटताच पांढरा चीक वाहू लागतो. बहुतेक कॅक्टसांत असा चीक नसतो. गोल कॅक्टसाच्या अंगावर असे शेकडो ठिपके असतात, म्हणजेच शेकडो कळे असतात. तथापि शेंड्याच्या वर्चस्वामुळे त्यांतील बहुतेक जन्मभर सुप्त राहतात. बागेत अशा कॅक्टसाची वाढ मंद होते व पिले थोडी फुटतात, ह्याचे एक कारण हेच. ऊतिसंवर्धन नवे काही निर्माण करीत नाही. ते ह्या निजलेल्या कळ्यांना जागे करते.

‘ऊतिसंवर्धन’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. ‘ऊति’ हा शब्द विणणे ह्या अर्थाच्या ‘वे’ ह्या संस्कृत धातूपासून आला आहे, आणि ‘टिश्यू’ हा शब्दही विणणे ह्याच अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून निघाला आहे. पारिभाषिक शब्द म्हणून निवड उत्तम झाली, ह्यात शंका नाही. परंतु अर्धापूर परिसरातील केळी-उत्पादक ‘टिश्यूची रोपे’ म्हणतो, त्यास ‘ऊति’ ठाऊक असण्याची गरज पडलेली नाही. शिवाय दोन्ही शब्दांत एक उणीव समान आहे. कॅक्टसाच्या बाबतीत जे वाढविले जाते ती नुसती ऊती नसून सिद्ध झालेला कळा असतो. हा भेद शब्दात लपला, तरी व्यवहारात तो निर्णायक ठरतो.

ह्या विद्येची कल्पना हाबरलांट ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडली. तिला व्यापक व्यवहार्य रूप आले ते मुराशिगे व स्कूग ह्यांनी १९६२ मध्ये पोषक माध्यमाचे प्रमाण ठरवून दिल्यानंतर. भारतात दिल्ली विद्यापीठातील गुहा व माहेश्वरी ह्यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशांपासून रोपे मिळविली. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ह्या क्षेत्रात मोठे कार्य केले. तेथील संशोधकांनी काचपात्रातील बांबूस फुले आणल्याचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

कॅक्टसासाठी कृती पुढीलप्रमाणे असते. निरोगी झाडाचा दोन-चार ठिपके असलेला लहान तुकडा कापून त्याचे काटे काढतात, तो धुतात व निर्जंतुक द्रावणात बुडवितात. लवेत बुरशीचे बीजाणू दडून राहतात, म्हणून सर्वाधिक अपयश ह्याच पायरीवर पदरी येते. माध्यमात खनिज क्षार, जीवनसत्त्वे, लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम साखर व घट्टपणासाठी अगार असते. ते १२१ अंश सेल्सिअस तापमानास वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. पुढे सुमारे २५ अंश तापमानात व दिवसाच्या १६ तास प्रकाशात बाटल्या ठेवतात. कळा जागा होण्यासाठी सायटोकायनिन व मुळे फुटण्यासाठी ऑक्सिन ही संप्रेरके वापरतात.

संप्रेरकांचे हे कार्य किती सूक्ष्म आहे, हे मॉझेथ व हॅल्पेरिन ह्यांच्या १९७५ च्या प्रयोगातून दिसते. एका जातीच्या फड्या निवडुंगाचे कळे त्यांनी काचपात्रात वाढविले. सायटोकायनिन दिले असता कळ्यापासून पानांची फांदी झाली; जिबरेलिक आम्ल दिले असता काटे आले; ऑक्सिन दिले असता मुळे फुटली. कळा तोच, पण पदार्थ बदलताच त्याचे भवितव्य बदलले. काटा हा मूळचा पानाचाच प्रकार होय, ह्या रचनाशास्त्रीय सिद्धान्तास येथे प्रयोगाचा आधार मिळतो.

वाढीचा हिशेब आकर्षक असतो. एका कळ्यापासून दोन महिन्यांत पाच अंकुर मिळाले व प्रत्येक अंकुर पुन्हा वापरला, तर वर्षअखेर १५,६२५ अंकुर होतात. हा अर्थातच कागदावरील हिशेब. बुरशी, पाणचट फुगीर वाढ व मुळांचा अभाव ह्यांमुळे प्रत्यक्ष संख्या पुष्कळ घटते. शिवाय साखरेवर पोसलेले व दमट हवेत वाढलेले रोप बाहेरच्या कोरड्या हवेस हळूहळू सरावावे लागते.

मुख्य सावधगिरी निराळीच आहे. सुप्त कळ्यांपासून आलेली रोपे बहुधा मातृवृक्षाची हुबेहूब प्रतिरूपे असतात. परंतु संप्रेरकांचे प्रमाण चुकले, तर जखमेतून पेशींचा अव्यवस्थित गोळा, म्हणजे किण, वाढतो. किणापासून झालेल्या रोपांत आकस्मिक बदलांचा संभव अधिक. पिवळे-हिरवे पट्टे असलेले पुष्कळसे कॅक्टस दोन प्रकारच्या पेशींच्या मिश्रणातून झालेले असतात. किणाच्या मार्गाने गेल्यास ते मिश्रण विस्कटते, आणि ज्या पट्ट्यांसाठी झाड जपले तेच नाहीसे होतात. रोपवाटिकेत त्रिधारी खुंटावर कलम केलेला लाल गोळा मिळतो, त्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्यात हरितद्रव्य नसते. माध्यमातील साखरेवर तो बाटलीत जगू शकतो, पण बाहेर पडताच त्यास पुन्हा खुंटाचा आश्रय घ्यावा लागतो. तो खुंट ड्रॅगन फ्रूटच्या वर्गातील कॅक्टस असतो, कुंपणाचा निवडुंग नव्हे. येथेही ‘त्रिधारी’ हे विशेषण नवख्याची दिशाभूल करते.

ह्या सर्व खटाटोपाचे प्रयोजन केवळ शोभेपुरते नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत १,४७८ कॅक्टस जातींचा विचार करण्यात आला व त्यांतील ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. संग्राहकांसाठी रानातून झाडे उपटणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अंमलात आला व १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्या करारात जवळजवळ सारे कॅक्टस कुळ समाविष्ट आहे. मात्र दुसऱ्या परिशिष्टातील जातींची निर्जंतुक पात्रात वाढविलेली रोपे त्या बंधनातून वगळली आहेत. बाटलीतील रोप विपुल व स्वस्त झाले, तर डोंगरावरील झाड उपटण्याचे कारण उरणार नाही, अशी अपेक्षा ह्या सवलतीमागे धरता येते.

ही अपेक्षा रास्त आहे, पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. एका झाडापासून झालेली दहा हजार प्रतिरूपे ही जनुकांच्या दृष्टीने एकच झाड होत. ती बाजाराची मागणी भागवतील; रानातील विविधता भरून काढणार नाहीत. त्यासाठी बियांपासूनची रोपे व अनेक मातृवृक्ष लागतील, आणि प्रत्येक बाटलीवर जातीचे नाव व मूळ झाडाची नोंद अचूक असावी लागेल. बोलीत ‘निवडुंग’ हे नाव दोन्ही कुळांना खुशाल लागू राहो. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर मात्र एका नावाने दोन वस्तू दाखविता येत नाहीत.