सत्तरचे दशक सरले, मराठवाड्याचा सवाल कायम

करमाड : मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील करमाड स्थानकातून १९७० च्या दशकात मीटरगेजची गाडी धावत असे. हा मार्ग ब्रॉडगेज व्हावा, ही तेव्हा मराठवाड्याची प्रमुख मागणी होती. पुढे रूळ बदलले, शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. मात्र रोजगारात वाटा कोणाला, हा त्या दशकाने विचारलेला प्रश्न आजही राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे.

दुष्काळ आणि आंदोलन

१९७२ च्या दुष्काळाने शेतकरी आणि मजूर दोघांनाही खडी फोडायला लावली. त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नोकऱ्या, सिंचन, रेल्वे या मागण्या संपूर्ण प्रदेशाच्या होत्या. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे स्वातंत्र्यसैनिक या लढ्याच्या पाठीशी होते.

नामांतराची फूट

ही एकजूट चार वर्षांत दुभंगली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्यांनी हे हल्ले केले, याचा अर्थ नाव हे केवळ निमित्त होते. शिकू लागलेला, गावकीची कामे नाकारणारा आणि गायरान कसणारा दलित समाज हा खरा रोष होता. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला; तरीही नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

आजचे पडसाद

नावाभोवती मते एकवटतात, हा धडा राजकीय पक्षांनी गिरवला. औरंगाबादचे संभाजीनगर करण्याची घोषणा शिवसेनेने १९८८ मध्ये दिली. २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीने शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. दुसरीकडे, अनुशेष दूर करण्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा रस्त्यावर उद्रेक झाला नाही.

करमाडहून जालन्याकडे जाणारा रस्ता पुढे अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीशी जोडला जातो. तेथे ऑगस्ट २०२३ मध्ये मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि ओबीसी संघटनांचे प्रतिआंदोलनही उभे राहिले. तुकड्यांत विभागलेली शेती आणि पदवी घेऊनही न मिळणारी नोकरी, हे दुखणे १९७४ चेच आहे. फरक एवढाच, की तेव्हा मराठवाडा सरकारकडे एकत्रितपणे वाटा मागत होता. आज एक समाज दुसऱ्याच्या वाट्याकडे पाहतो आहे.