भुईमूग काय खातो?

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बेंगळुरूच्या बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिशे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, भरते. आमचं जयनगर तिथून जवळच, त्यामुळे त्या सुमारास इथल्या घरांत शेंगांच्या पिशव्या येतात. त्यातल्या न भाजलेल्या, नीट वाळलेल्या शेंगांचे चार दाणे जपून ठेवावेत आणि थंडी सरल्यावर गच्चीतल्या कुंडीत पेरावेत. झाड मातीतून अन्न कसं मिळवतं हे दाखवायला भुईमुगासारखं पीक नाही.

कुंडीत लाल माती हवी. लालबागेतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. तशाच खडकाची झीज होऊन बेंगळुरूची माती झाली आणि तिचा रंग लोहामुळे आला. झाडाला या मातीतून नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) हवे असतात. नायट्रेटच्या रूपातला नत्र पाण्यात सहज विरघळतो, मूळ पाणी ओढतं तसा त्याच्याबरोबर येतो. स्फुरद मात्र या मातीत लोहाला चिकटून बसतो. मुळालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरांतला स्फुरद संपला की पुढचा फार सावकाश सरकतो. त्यातून भुईमुगाला मूळरोम, म्हणजे मुळावरचे बारीक केसही विरळच.

ही उणीव मायकोरायझा बुरशी भरून काढते. तिचे तंतू मुळाच्या पेशींत शिरून बारीक फाटे फोडतात. देवघेव तिथे चालते. बाहेरचे तंतू मातीत कित्येक सेंटिमीटर पसरतात आणि मूळरोमाला न शिरता येणाऱ्या फटींतून स्फुरद आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ पुरवतं. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात डी. जे. भाग्यराज यांनी या बुरशीवर वर्षानुवर्षं संशोधन केलं.

आता नत्राकडे वळू. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट वापरता येत नाही. मातीतले रायझोबियम गटातले जिवाणू, बाजूची मुळी फुटते तिथल्या चिरेतून भुईमुगात शिरतात आणि मुळावर गाठी धरतात. महिन्याभराने एक रोप हलक्या हाताने उपटून बघा. मोहरीएवढी गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी-लाल निघाली, तर काम चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद त्या गाठीत असतो. नायट्रोजनचा अमोनिया करणारं विकर प्राणवायूने बिघडतं, पण जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू तर हवाच. हा लाल पदार्थ तो बेताबेताने पोचवतो.

नुसत्या कोकोपीटमधली रोपं पिवळी पडतात त्याचं एक कारण इथे सापडतं: त्यात हे जिवाणू बहुधा नसतात. भुईमुगाच्या किंवा चवळीच्या शेतातली मूठभर माती मिसळली तरी पुष्कळ फरक पडतो. युरिया मात्र घालू नये. आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचं कमी करतं. जिवाणूंना पोसायला साखर खर्ची पडते, ती ते वाचवतं.

भुईमुगाची खरी कमाल शेंगेत आहे. फूल जमिनीवर येतं, मग त्याच्या बुडातून आरी, म्हणजे टोकदार देठ, सुटते, ती मातीत घुसते आणि शेंग तिथे धरते. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं, पानांत जातं आणि तिथेच राहतं. पानांतून साखर खाली उतरते तिच्याबरोबर ते जवळजवळ येतच नाही. मातीत गाडलेल्या शेंगेतून पाण्याची वाफ होत नाही, म्हणून मुळाकडून येणारा प्रवाहही तिच्याकडे वळत नाही. मग ती आपलं कॅल्शियम टरफलातून, भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषून घेते. ते कमी पडलं तर वेल हिरवागार दिसतो आणि शेंगा पोकळ निघतात. म्हणून शेतकरी आऱ्या सुटायच्या वेळी कॅल्शियम असलेलं जिप्सम टाकून मातीची भर देतात. कुंडीतही ते वरच्या दोन-तीन इंचांतच मिसळावं. खाली मुळांशी घातलेलं कॅल्शियम शेंगेपर्यंत पोचत नाही.