प्लेसच्या पिल्लाचं खाणं

मासळीचं एक वर्ष भरघोस आणि पुढचं कोरडं का जातं, याचं नवं उत्तर नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी 1914 मध्ये मांडलं. अंड्यातला बलक संपताच पिल्लाला खाणं मिळालं नाही, तर ती पिढीच बुडते. पटण्यासारखंच होतं ते. पण पिल्लं भर समुद्रात खातात काय, हे त्यांची आतडी उघडल्याशिवाय कसं कळणार?

ते चिकाटीचं काम प्लिमथच्या प्रयोगशाळेत मारी लेबर यांनी केलं. पिल्लू समोर येईल ते गिळत नाही, जातीगणिक आवड वेगळी असते, हे 1918 ते 1920 दरम्यानच्या त्यांच्या लेखांतून पुढे आलं. माझ्या मते या विषयाचा खरा पाया तोच.

चपट्या माशांत सर्वांत हट्टी निघाला प्लेस, आपल्या लेपाचा उत्तर समुद्रातला दूरचा नातलग. त्याची पिल्लं त्या समुद्राच्या दक्षिण भागात जवळजवळ ऑइकोप्लुरावरच जगतात, असं जे. ई. शेलबर्न यांना 1953 मध्ये दिसलं. ऑइकोप्लुरा म्हणजे बेडकाच्या पिल्लासारखा शेपटी हलवणारा इवलासा जीव. स्वतःभोवती तो चिकट द्रवाचं पारदर्शक घर विणतो, त्यातून पाणी गाळून अन्न मिळवतो आणि गाळणी तुंबली की घर टाकून दुसरं बांधतो. प्लेसचं पिल्लू त्याला नजरेने हेरतं, म्हणून खाणं दिवसाउजेडी. पिल्लू वाढतं तसा त्याचा घासही मोठा होतो. 1957 मध्ये शेलबर्न यांनीच दाखवलं की सकस प्लवकाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जीवांच्या, पट्ट्यातली पिल्लं धष्टपुष्ट असतात, निकृष्ट पट्ट्यातली खंगलेली.

टाकीत मात्र हीच पिल्लं आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कवचधारी जीवाच्या नुकत्याच फुटलेल्या पिल्लांवर वाढतात, हे रोलेफसेन यांनी 1939 मध्येच सिद्ध केलं होतं. मत्स्यबीज केंद्रांना त्याचा मोठा आधार झाला. पण समुद्रातल्या आहाराबद्दल त्यातून काही कळत नव्हतं. 1978 मध्ये जे. एम. लास्ट यांनी सोल, डॅब, फ्लाउंडर आणि प्लेस अशा चौघांची आतडी शेजारीशेजारी तपासली, तेव्हाही प्लेसचा हट्ट कायम होता.

मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी या सगळ्याला काळाची जोड दिली. प्लेसची अंडी दरवर्षी जवळपास ठरल्या वेळी पडतात, प्लवकाचा बहर मात्र मागेपुढे होतो. समुद्र तापू लागल्यावर पिल्लं आणि बहर यांचा मेळ बसतो की चुकतो, हे पाहायला बरेचजण कोपेपॉड या इवल्या कवचधारी प्लवकाच्या जुन्या नोंदी उघडतात, कारण असे जीव जाळ्यात टिकतात. प्लेसच्या पिल्लाचं खाणं असलेल्या ऑइकोप्लुराचं घर मात्र जाळ्याच्या नुसत्या स्पर्शाने फाटतं, अंगही मऊ. प्लेसपुरतं बोलायचं, तर आधी ऑइकोप्लुराचीच मोजणी नीट व्हायला हवी.