अंतरीचा अग्नी आणि त्याची कसोटी

नागपूरच्या प्रताप नगरातून दीक्षाभूमी फार दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. १९३५ साली येवल्यात केलेल्या घोषणेनंतर एकवीस वर्षे चाललेल्या अभ्यासाचा आणि विचाराचा तो परिपाक होता. असे विचारपूर्वक धर्मांतर सुशिक्षित मनाला चटकन समजते. परंतु धर्मांतराचा दुसराही एक प्रकार आहे. ख्रिस्ती संजीवन सभांत माणसे एकाएकी रडू लागतात, थरथरतात, जन्मभराची पापे चारचौघांत कबूल करतात आणि आपण निराळेच झालो, असे सांगत घरी जातात. यास कोणी साक्षात्कार म्हणतो, कोणी उन्माद, तर कोणी फसवणूक. यांपैकी कोणताही शिक्का मारण्यापूर्वी महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण नीट तपासून पाहणे इष्ट ठरेल.

हे उदाहरण पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा यांना आणून तेथे आश्रय दिला आणि त्यातून ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी आवाहन केले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता त्या सुमारास जगभर पोहोचल्या होत्या आणि आसामातील खासी टेकड्यांतही तिचे पडसाद उमटले होते. जूनच्या अखेरीस एका पहाटे केडगावच्या वसतिगृहातील एका मुलीला आपल्या अंगाला आग वेढून आहे, असे जाणवले. सोबतची मुलगी पाण्याची बादली आणण्यास धावली. प्रत्यक्षात कपड्याचा धागाही जळालेला नव्हता. दुसऱ्या दिवशी रमाबाई शास्त्रपाठाचे विवरण करीत असता मुलींच्या सामुदायिक प्रार्थनेचा असा कल्लोळ उठला की त्यांना बोलणे थांबवावे लागले. पुढे अपराधांच्या कबुल्या आल्या, अश्रू आले आणि १९०६ च्या अखेरीस अपरिचित भाषांत बोलण्याचे प्रकारही नोंदले गेले.

या घटनांवर टीका झाली, ती केवळ परधर्मीयांकडून नव्हे. अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांनाही हा भावनेचा अतिरेक वाटला. रमाबाईंची भूमिका मात्र अशी होती की, भारतीय मनाने आपला भक्तिभाव आपल्या प्रकृतीनुसार व्यक्त करावा. त्याला युरोपीय शिष्टाचाराचे जोखड कशाला? या भूमिकेत मोठे तथ्य आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे अष्टसात्त्विक भाव आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत. कीर्तनात देहभान हरपलेल्या वारकऱ्यापुढे जो समाज हात जोडतो, त्याने प्रार्थनामंदिरात थरथरणाऱ्या मुलीला वेडी ठरविणे न्यायाचे होणार नाही. आणि जो एकीला वेडी म्हणेल, त्याने दुसऱ्यालाही तोच न्याय लावण्याची तयारी ठेवावी.

मानसशास्त्राने या विषयाचा विचार पूर्वीच केला आहे. विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांतून असे प्रतिपादन केले की, धार्मिक अनुभवाचे मोल त्याच्या उगमावरून नव्हे, तर त्याच्या फळांवरून ठरवावे. समूहाचा प्रभाव, कोवळे वय, दीर्घ प्रतीक्षा आणि मनात साठलेली अपराधभावना यांनी अनुभव कसा घडला, हे बरेचसे उलगडते. परंतु त्या अनुभवाने माणूस अधिक प्रामाणिक झाला की अधिक दांभिक, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

तथापि, केडगावच्या बाबतीत याहून अवघड प्रश्न निराळाच आहे. ज्या मुलींना हा अनुभव आला, त्या दुष्काळाने निराधार केलेल्या होत्या. अन्न, वस्त्र, शिक्षण आणि माया त्यांना ज्या छपराखाली मिळाली, त्याच छपराखाली त्यांना धर्मही मिळाला. अशा मुलीची निवड कितपत स्वतंत्र मानावयाची? रमाबाईंच्या निष्ठेविषयी शंका न घेताही हा प्रश्न विचारता येतो, आणि विचारलाच पाहिजे. स्वतः रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो शास्त्रांचा अभ्यास करून. खरा अंतरीचा बदल त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. नागपुराहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून अस्वस्थ झालेल्या कवी ना. वा. टिळकांनाही १८९५ च्या बाप्तिस्म्यापर्यंत दीर्घ मनोमंथनातून जावे लागले. त्या निर्णयाची झळ घराला किती बसली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकास सांगावयास नको. त्या दोघांपाशी विचारासाठी अवधी होता, विद्या होती, नकार देण्याचे सामर्थ्य होते. केडगावच्या अनाथ बालिकेपाशी यांतले काय होते?

राज्यसंस्थेनेही या प्रश्नात हात घातला आहे. मध्य प्रदेश शासनाने १९५४ साली न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. त्याच वर्षी नियोगी यांनी स्वतः नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला, हा योगायोग बोलका आहे. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश व ओरिसा या राज्यांचे बळजबरी, फसवणूक वा प्रलोभन यांनी होणारी धर्मांतरे रोखणारे कायदे वैध ठरविले. बळजबरीची व फसवणुकीची चौकशी शासनाने अवश्य करावी. पण अश्रू खरे होते की खोटे, हे ठरविण्याचे मापक कोणत्याही दंडाधिकाऱ्यापाशी नाही, आणि ते असल्याचा आव त्याने आणू नये.

मग कसोटी कोणती? ती सभेच्या रात्री नव्हे, त्यानंतरच्या दिवसांत लागते. प्रार्थनेने बरे वाटले म्हणून रुग्णाचे औषध बंद करावयास सांगणारा उपदेशक गुन्हेगारच होय, मग तो कोणत्याही धर्माचा असो. ज्याच्या अन्नावर आपण जगतो त्याला नकार देण्याची मुभा जेथे नाही, तेथील अनुभव कितीही उत्कट असला तरी संशयास्पदच राहील. उलट, ज्याने दारू सोडली, चोरलेली वस्तू परत केली, बायकोवर उगारलेला हात खाली घेतला, त्याच्या अंतरात नेमके काय घडले हे शेजाऱ्याला कळले नाही तरी चालेल. दीक्षाभूमीवर विचाराने आलेले असोत वा सभेत भावनेने पालटलेले, दोघांनाही अखेर उत्तर द्यावे लागते ते वर्तनानेच. आणि आलेली वाट नाकारून मागे फिरण्याचा हक्क ज्याला उरतो, त्याचेच धर्मांतर खऱ्या अर्थाने त्याचे स्वतःचे असते.