गॅलरीतली जागा

२९ मार्च १९६४, ईस्टरचा रविवार. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरातल्या गॅलोवे मेमोरियल चर्चच्या दाराशी दोन बिशप आले. चार्ल्स गोल्डन काळे, जेम्स मॅथ्यूज गोरे. चर्च मेथडिस्ट पंथाचं, दोघे बिशपही त्याच पंथाचे. पण काळ्या माणसाला उपासनेला बसू द्यायचं नाही, असं त्या चर्चच्या कारभारी मंडळाचं धोरण होतं. दारावरच्या माणसांनी दोघांनाही परत पाठवलं.

हे मॅथ्यूज मुंबईला परके नव्हते. १९३८ साली ते मिशनरी म्हणून भारतात आले आणि कुलाब्याच्या बोवेन मेमोरियल चर्चचे पाळक झाले. त्यांचे सासरे ई. स्टॅनले जोन्स. गांधीजींवर जोन्स यांनी लिहिलेल्या पुस्तकातून आपल्याला अहिंसक लढ्याची दिशा मिळाली, असं मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना सांगितलं होतं. नोकरीसाठी मी नगरहून मुंबईला आले तेव्हा कुलाब्याच्या त्याच चर्चमध्ये उपासनेला जात असे. ज्या पंथाच्या मिशनऱ्यांनी आम्हाला समतेची सुवार्ता सांगितली, त्याच पंथाच्या दारातून त्यांचा बिशप माघारी फिरतो, हे मला पचेना. याचं मूळ कुठं आहे ते शोधू लागले.

मूळ सापडतं फिलाडेल्फियात. रिचर्ड ॲलन जन्मानं गुलाम. लाकडं फोडून, वीटभट्टीवर राबून त्यांनी मालकाला स्वतःची किंमत चुकती केली आणि मोकळे झाले. १७८६मध्ये सेंट जॉर्जेस या मेथडिस्ट चर्चमध्ये ते पहाटे पाच वाजता उपदेश करू लागले. त्यांना ऐकायला काळी माणसं जमू लागली, आणि संख्या वाढली तशी त्यांची जागा सरकू लागली. आधी भिंतीकडेला, मग वर गॅलरीत. गॅलरी बांधायला आणि खालची जमीन करायला काळ्या सभासदांनीही पैसे दिले होते, अंगमेहनत केली होती.

एका रविवारी प्रार्थना चालू असताना ॲलन यांचे सहकारी ॲब्सालम जोन्स गुडघ्यांवर होते. चर्चचा एक विश्वस्त आला आणि त्यांना दंडाला धरून उठवू लागला. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, अशी विनवणी जोन्स यांनी केली. विश्वस्तानं ऐकलं नाही, उलट मदतीला दुसऱ्याला बोलावलं. प्रार्थना संपली आणि सगळी काळी मंडळी एकदम उठून बाहेर पडली. परंपरेनं हे साल १७८७ सांगतात, काही अभ्यासक १७९२ मानतात. ॲलन यांनी आपल्या आठवणींत ही हकिगत लिहून ठेवली आहे. तिच्यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की हात धरून ओढणाऱ्याला समोर चाललेल्या प्रार्थनेचीही चाड नव्हती.

१७९३मध्ये शहरात पिवळ्या तापाची साथ आली. ज्यांना जमलं ते श्रीमंत शहर सोडून गेले. ॲलन आणि जोन्स यांनी काळ्या स्त्रीपुरुषांना संघटित करून आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. पुढल्याच वर्षी बेथेल चर्च उभं राहिलं. ॲलन यांनी लोहाराचं एक जुनं दुकान विकत घेतलं, घोडे जुंपून ते सहाव्या रस्त्यावरच्या जागेवर ओढत आणवलं आणि त्यातच उपासना सुरू केली. पण गोऱ्या पदाधिकाऱ्यांना त्या इमारतीवरचाही ताबा हवा होता. प्रकरण लिलावापर्यंत गेलं आणि आपलंच चर्च वाचवायला ॲलन यांना दहा हजार डॉलरच्या वर बोली लावावी लागली. १८१६मध्ये पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं बेथेलच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. म्हणजे काळ्यांचं चर्च वेगळं निघालं ते वेगळं राहण्याच्या हौसेनं नव्हे. वेगळं व्हायचं, मग त्या वेगळेपणाचीही किंमत मोजायची, अशी ती गोष्ट होती.

गुलामीच्या प्रश्नावरून १८४४मध्ये मेथडिस्ट फुटले. १८४५मध्ये दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी आपली वेगळी संघटना काढली. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी नेमावं की नाही, हा तिथला वाद होता. त्याबद्दल त्या संघटनेनं माफी मागितली ती १९९५ साली. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना. त्याआधी तीनच वर्षं, १८७०मध्ये, दक्षिणेतल्या मेथडिस्टांनी आपल्या उरल्यासुरल्या काळ्या सभासदांचा वेगळा पंथ करून दिला होता. बेड्या तुटल्या होत्या, बाक मात्र वेगळेच राहिले.

पुढचा टप्पा मला जास्त भयंकर वाटतो, कारण तो शांतपणे, ठराव करून पार पडला. १९३९मध्ये उत्तर आणि दक्षिणेचे मेथडिस्ट पुन्हा एक झाले, तेव्हा देशाचे भूगोलानुसार पाच प्रशासकीय विभाग पाडले आणि सहावा विभाग केला रंगानुसार. ‘सेंट्रल’ नावाच्या या विभागात काळ्यांच्या मंडळ्या घातल्या, मग त्या कुठल्याही राज्यातल्या असोत. गोल्डन याच सहाव्या विभागाचे बिशप होते. तो विभाग बंद व्हायला १९६८ उजाडलं.

या व्यवस्थेला आतूनही विरोध झाला. गॅलोवेचेच पाळक डब्ल्यू. बी. सेला यांना ९ जून १९६३च्या उपासनेत कळलं, की काळ्या लोकांना दारातून परत पाठवलंय. त्यांनी तिथंच राजीनामा जाहीर केला. तीन दिवसांनी त्याच शहरात नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा खून झाला. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. १७ जून २०१५ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल अभ्यासाला आलेल्या अनोळखी गोऱ्या तरुणाला लोकांनी आपल्यात बसवून घेतलं. त्यानं नऊजणांना गोळ्या घातल्या. इमॅन्युएल हे ॲलन यांच्याच पंथाचं चर्च.

आज दारावर कुणी अडवत नाही, तरी उपासनेला जाणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ६० टक्के लोक कृष्णवर्णीयांच्याच चर्चमध्ये जातात, असं प्यू संस्थेच्या २०२१च्या अहवालात आहे. अजून वेगळे का राहता, असं त्यांना विचारणं मला पटत नाही. शाळा, आजारपणातली मदत, मताच्या हक्काची चळवळ, हे सगळं त्यांनी याच चर्चच्या आधारानं उभं केलं. शिवाय मिश्र मंडळ्या वाढतायत त्या बहुतेक एकाच दिशेनं. काळी कुटुंबं गोऱ्यांच्या चर्चमध्ये जातात. गोरी कुटुंबं काळ्या पाळकाच्या मंडळीत सभासद झाल्याचं क्वचितच दिसतं. आमच्याकडेही प्रभुभोजनाला एका रांगेत बसणारी माणसं सोयरीक जुळवताना मूळची जात हळूच विचारतात, म्हणून हा फरक मला चटकन कळतो.

मुलीकडे गेले होते तेव्हा फिलाडेल्फियाला मदर बेथेल पाहिलं. आत्ताची दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, तळघरात ॲलन आणि त्यांच्या पत्नी सारा यांची समाधी आहे. तिथून सेंट जॉर्जेस चालत जाण्याच्या अंतरावर. २००९मध्ये दोन्ही मंडळ्यांनी रविवारची उपासना एकत्र केली, बेथेलची माणसं सेंट जॉर्जेसला गेली. मला वाटतं, आता खरी पाळी सेंट जॉर्जेसच्या माणसांची आहे. एखाद्या सोहळ्यापुरतं नव्हे, तर बेथेलमध्ये नाव नोंदवून, तिथल्या पाळकाचा शब्द मानून, तिथल्या वर्गणीच्या वहीत आपला दशांश लिहून.